लिथोग्राफमधलं खेडं: अर्थ लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वारशाने आलेलं एक इंग्लिश निसर्गदृश्य आहे, एकोणिसाव्या शतकातलं लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेलं शिळाछापाचं चित्र. डावीकडे मोठं काळपट झाड, त्याच्या सावलीत काठीवर रेललेला गुराखी आणि तीन गाई. मधोमध ओढा, त्यावर दगडी पूल. पलीकडे गवताने शाकारलेलं घर, छपराला एका बाजूने खळगा पडलेला. त्यामागे चर्च; मनोरा उजव्या टोकाला आणि भिंत लख्ख उजेडात. क्षितिजावर फिकट टेकड्या. छपाई काळा आणि बदामी अशा दोनच रंगांत. खाली ‘निसर्गावरून आणि दगडावर रेखाटलं’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे, चित्रकाराचं नाव पुसट झालंय आणि मुद्रक म्हणून सी. हलमांडेल हे नाव आहे. सन नाही. या चित्राचा अर्थ काय घ्यायचा? ग्रामीण शांततेचं गुणगान, हरवत चाललेल्या खेड्याची हुरहुर, की नुसतं एका जागेचं चित्र? आणि ही जागा खरी असेल का?

अशा चित्रात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. दगडाने आणि छपाईने जे करून ठेवलं ते, त्या काळच्या चित्ररचनेच्या संकेतांनी जे मागितलं ते, आणि चित्रकाराच्या डोळ्यांसमोर खरोखर होतं ते. अर्थ लावायला बसण्याआधी या तिन्ही वेगळ्या काढाव्या लागतात, आणि याच क्रमाने. थेट अर्थापासून सुरुवात केली की छपाईतला दोष चित्राचा भाव वाटू लागतो आणि ठरीव संकेत चित्रकाराचं दुःख.

म्हणून आधी भिंग. दहापट मोठं दिसणारं साधं भिंग पुरतं. आकाशाचा एक करडा भाग आणि झाडाचा एक गडद भाग पाहा. खडूने केलेल्या लिथोग्राफमध्ये शाईचे कण वेडेवाकडे, लहानमोठे, विखुरलेले दिसतात. त्याचं कारण दगडात आहे. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड वाळूने घासून त्याला बारीक रवा आणतात आणि मेण, साबण, चरबी, काजळी यांच्या खडूने त्यावर चित्र काढतात. खडू फक्त रव्याच्या उंचवट्यांवर बसतो. मग डिंक आणि थोडं नत्राम्ल यांचा लेप देतात, दगड ओला करतात आणि तेलकट शाईचा रूळ फिरवतात. ओल्या जागी शाई धरत नाही, चरबीच्या जागी धरते. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ही पद्धत शोधली. तिचं मोठेपण हे की चित्रकाराच्या हाताचा दाब जसाच्या तसा कागदावर उतरतो. मध्ये खोदकाम करणारा दुसरा कारागीर असावाच लागत नाही.

भिंगाखाली सगळीकडे सारख्या अंतरावर ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती नंतरची यांत्रिक नक्कल आहे आणि पुढचा सगळा खटाटोप थांबवा. पांढऱ्या बेटांभोवती काळ्या शाईचं जाळं दिसलं तर ते ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने छटा कोरून छापलेलं चित्र. त्यात त्या पत्र्याच्या कडेची दबलेली चौकटही कागदावर सापडते. लिथोग्राफमध्ये अशी चौकट नसते. एक अपवाद मात्र आहे: काही लिथोग्राफ पातळ चिनी कागदावर छापून जाड कागदावर चिकटवलेली असतात आणि त्या पातळ कागदाची कड दबलेल्या चौकटीसारखी भासते. बोटाने न चाचपता तिरप्या उजेडात पाहिलं की फरक कळतो.

आता बदामी रंग. तुमच्या चित्रात दोन दगड वापरलेले आहेत: एकावर खडूचं काळं रेखाटन, दुसऱ्यावर सपाट बदामी छटा. या दुसऱ्या दगडावर हव्या त्या जागा खरवडून किंवा डिंकाने झाकून रिकाम्या ठेवतात. छपाईत तिथे कागदाचा पांढरा रंग उघडा राहतो. ढगाची कड, ओढ्यावरची चमक, गाईची पाठ, धुराची वेटोळी हे सगळं शाईच्या अभावातून आलेलं असतं. लंडनच्या चार्ल्स हलमांडेलच्या छापखान्याने आणि त्याच्यासाठी काम करणाऱ्या जेम्स डफिल्ड हार्डिंगसारख्या चित्रकारांनी १८३० च्या दशकात ही पद्धत फार वर नेली. हार्डिंगचा १८३६ चा निसर्गचित्रांचा संच या बाबतीत नमुना मानला जातो. हलमांडेल १८५० मध्ये वारला आणि शेवटच्या काही वर्षांत त्याच्या छापखान्याच्या नावाला वॉल्टन हे भागीदाराचं नाव जोडलं गेलं. तुमच्या चित्रावर एकटा हलमांडेल आहे आणि छटेच्या दगडात पांढऱ्या जागा नीट राखलेल्या आहेत. यावरून १८३० च्या दशकाचा मध्य ते १८४० च्या दशकाची सुरुवात असा काळ धरायला हरकत नाही. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधा. व्हॉटमनसारख्या कारखान्याच्या कागदात नावाबरोबर सनही असतो. चित्र त्या सनाच्या आधीचं असू शकत नाही, नंतरचं असू शकतं.

इथे एक काम मनापासून करा, कारण यातून मिळतं तितकं दुसऱ्या कशातून मिळत नाही. चौकटीच्या काचेवर पारदर्शक कागद ठेवा आणि चित्रातल्या सगळ्या कोऱ्या पांढऱ्या जागा पेन्सिलीने भरा. फिकट बदामी जागा सोडा, फक्त उघडा कागद घ्या. मग तो कागद वेगळा काढून पाहा. या जागा आपोआप उरलेल्या नाहीत. दुसऱ्या दगडावर एकेक ठरवून राखलेल्या आहेत. चित्रकाराने पाहणाऱ्याची नजर कुठून कुठे न्यायची ठरवली होती, त्याचा हा जवळजवळ आराखडाच असतो. तुमच्या वर्णनावरून तो गाईच्या पाठीवरून पाण्यावर, पाण्यावरून पुलाच्या कठड्यावर आणि तिथून चर्चच्या भिंतीवर जात असणार. शाकारलेलं घर बहुधा या वाटेत नाही. ते बदामी छटेतच राहिलं असेल, तर ही गोष्ट टिपून ठेवा. अर्थाच्या वेळी ती लागेल.

चर्चच्या भिंतीजवळ जरा थांबू. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चची वेदी पूर्वेला असते आणि मनोरा बहुतेक वेळा पश्चिम टोकाला. मनोरा डावीकडे दिसत असेल तर आपण दक्षिणेकडून पाहतोय आणि समोरची भिंत दक्षिणेची आहे. तिच्यावर दिवसभर ऊन असणं साहजिक. तुमच्या चित्रात मनोरा उजवीकडे आहे. म्हणजे आपण उत्तरेकडून पाहतोय आणि समोरची भिंत उत्तरेची आहे. इंग्लंडच्या अक्षांशावर उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतं ते फक्त उन्हाळ्यात, अगदी सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा, आणि तेही तिरपं. मग ही भिंत लख्ख कशी?

शक्यता तीन. पहिली, चित्र उलटं छापलं गेलंय. दगडावर काढलेलं कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून जाणते चित्रकार रेखाटनाचा पारदर्शक कागदावर ठसा घेऊन, तो पालथा घालून दगडावर उतरवत. घाईत किंवा नवशिक्या हातून हे राहून जायचं. दुसरी, ती खरोखर उन्हाळ्यातली संध्याकाळ आहे. तिसरी, चित्रकाराने उजेड स्वतःच्या सोयीने टाकलाय.

निकाल सावल्यांवर लागतो. गाईंच्या सावल्या लांब असतील आणि चित्रात आत, डावीकडे पडत असतील, तर संध्याकाळ शक्य आहे: सूर्य वायव्येला, आपल्या मागे उजवीकडे. सावल्या आखूड असून आतल्या बाजूला पडत असतील, तर चित्र उलटं असण्याचा संशय घ्या. सावल्या आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने पडत असतील, तर सूर्य चर्चच्या पलीकडे आहे आणि भिंतीवरचा उजेड रचलेला आहे. उलटेपणाचे आणखी पुरावे शोधता येतात. प्रत्यक्षात पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. मागे कुठे नांगरट दाखवली असेल तर साध्या इंग्लिश नांगराची माती पलटणारी पाटी माती उजवीकडे टाकते. केंट परगण्यातला पाटी फिरवता येणारा नांगर तेवढा वेगळा. गवत कापणाऱ्याचा लांब दांड्याचा विळा उजव्या हाताचाच असतो आणि तो उजवीकडून डावीकडे फिरतो. हे सगळं चित्रात उलटं दिसलं तर प्रश्न मिटला. मध्ययुगीन इमारतींत अपवाद असतात, मधोमध मनोरा असलेली चर्चही आहेत. त्यामुळे एकट्या चर्चवर भरवसा ठेवू नका, दोन खुणा जुळू द्या.

तुमच्या चित्रात मला तिसरी शक्यता जास्त वाटते. स्वतः जागेवर रेखाटून स्वतःच दगडावर काम करणारा आणि हलमांडेलकडे छापणारा माणूस सहसा व्यवसायात मुरलेला असे; उलटं छापण्याची चूक त्याच्याकडून कमी संभवते. आणि भिंत कोऱ्या कागदाची असेल, तर तो उजेड दुसऱ्या दगडावर राखून ठेवलेला आहे. म्हणजे तो हवामानाने नव्हे, चित्रकाराने टाकला.

आता संकेतांकडे. ज्याला पिक्चरेस्क म्हणतात ती, निसर्गाकडे चित्र म्हणून पाहण्याची दृष्टी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. विल्यम गिल्पिन या पाद्री-शिक्षकाने १७७० मध्ये वाय नदीच्या काठाने प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. निसर्ग रंग आणि पोत यांत अजोड, पण रचनेत कच्चा, अशी त्याची धारणा होती. म्हणून चित्रकाराने झाड हलवावं, टेकडी उंच करावी, अग्रभाग खडबडीत करावा. त्याच नदीकाठच्या टिंटर्नच्या भग्न मठाच्या भिंतींची टोकं त्याला इतकी सरळसोट वाटली की तिथे नीट विचाराने हातोडा चालवला तर बरं होईल असं त्याने लिहिलं. पुढे १७९४ मध्ये उव्हेडेल प्राइस या लेखकाने खडबडीतपणा, अचानक बदल आणि अनियमितपणा ही या सौंदर्याची लक्षणं सांगितली. शेवाळलेलं छप्पर, खचलेली भिंत, चाकोऱ्या पडलेला रस्ता, वठलेलं झाड हे सगळं त्यात बसतं.

रचनेचा साचा त्याहून जुना, सतराव्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या क्लोद लोऱ्यां या चित्रकारापासून आलेला. एका बाजूला गडद झाडाचा पडदा, पुढे सावलीतला अग्रभाग, मध्ये पाणी आणि उजेड, पलीकडे एखादी इमारत, शेवटी हवेत विरघळणारी टेकडी. तुमचं चित्र या साच्यात तंतोतंत बसतं. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: डावीकडचं काळं झाड मृत्यूचं, संकटाचं किंवा येणाऱ्या यंत्रयुगाचं प्रतीक म्हणून वाचायला या चित्रात कसलाही आधार नाही. ते झाड तिथे असतंच. त्याला अर्थ द्यायचा असेल तर ते नेहमीपेक्षा वेगळं कुठे आहे ते दाखवावं लागेल. उदाहरणार्थ, त्याच्या फांद्या गुरांच्या तोंडाला लागणार नाहीत इतक्या उंचीवर पुन्हापुन्हा छाटलेल्या असतील, तर ते सरपणासाठी राखलेलं कामाचं झाड आहे, आणि चित्रकाराने ते तसंच ठेवलं ही बारकाईने पाहिलेल्या जागेची खूण ठरते. पानांच्या आकाराकडेही पाहा. हार्डिंगच्या पिढीने पानांसाठी खडूचे ठरीव फटकारे शिकवले होते. सगळ्या झाडांवर एकच फटकारा असेल तर तो सरावाचा हात आहे. ओढ्याकाठच्या विलोला वेगळा आणि ओकला वेगळा असेल तर चित्रकार थांबून पाहत होता.

तीन गाई आणि रेललेला गुराखी यांचंही तसंच. गिल्पिनने १७८६ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या प्रवासवर्णनात गाईंच्या संख्येवर लिहिलं आहे: दोघींची रचना नीट जुळत नाही, तिघींची जुळते, चौथी हवी असेल तर ती जराशी बाजूला ठेवावी. म्हणून तीन गाईंवरून त्या कुटुंबाची ऐपत मोजू नका. माणसाबद्दलचं त्याचं मत याहून बोलकं आहे. नीतीच्या दृष्टीने उद्योगी कारागीर अधिक आवडावा, पण चित्राच्या दृष्टीने रेंगाळणारा खेडूत बरा, असं तो म्हणतो. तुमचा गुराखी काठीवर रेललेला आहे तो यामुळे. तो आळशी होता, सुखी होता किंवा त्या दिवशी सुट्टी होती, यातलं काहीही चित्रावरून म्हणता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच की काम करणारं शरीर या प्रकारच्या चित्राला नको होतं.

आणि खरा अर्थ इथून सुरू होतो. चित्राला काय नको होतं याची यादी करा. इंग्लंडमधलं गायरान आणि सामायिक शेतजमीन कायद्याने कुंपण घालून खाजगी करण्याचे ५,२०० हून अधिक कायदे १६०४ ते १९१४ या काळात झाले. सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून जास्त. त्यातला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला. गरिबाची गाय ज्या गवतावर जगत होती तेच यात गेलं. १८३० च्या उन्हाळ्याअखेरीस केंटमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली, कारण हिवाळ्यातली हातमळणी हीच त्यांची थंडीतली मिळकत होती. पाहता पाहता दक्षिण आणि पूर्व इंग्लंडभर गंज्या पेटल्या. ‘कॅप्टन स्विंग’ या नावाने धमक्यांची पत्रं जात. १९ जणांना फाशी झाली आणि पाचशेच्या आसपास लोकांची ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली. १८३४ च्या गरीबविषयक कायद्याने मदत हवी असलेल्या धडधाकट माणसाला कामगृहात, म्हणजे आसऱ्याच्या बदल्यात कष्ट करवून घेणाऱ्या गरीबखान्यात, ढकललं. तुमचं लिथोग्राफ या घटनांच्या लगोलग छापलेलं आहे आणि त्यातला माणूस काठीवर रेललेला आहे.

घराच्या छपराचा खळगा आता पुन्हा पाहा. चित्राच्या भाषेत तो खडबडीतपणा आहे, प्राइसच्या व्याख्येत चपखल बसणारा. पण त्या घरात राहणाऱ्याच्या दृष्टीने ते गळणारं छप्पर आहे. शाकारणी वेळेवर झाली नाही की गवत कुजून आधी वाशांच्या मध्ये दबतं आणि मग पाणी आत येतं. हे इंग्लंडला जितकं लागू, तितकंच कोकणातल्या गवताच्या घरांना. भिंग घेऊन पाहा: खळग्याच्या कडा खडूच्या टोकाने बारकाईने काढल्या आहेत, की सपाट बाजूने नुसती सावली फासली आहे? कडा मोडलेल्या, वासे दिसणारे, आतला काळोख वेगळा असा असेल, तर चित्रकाराने खरी मोडतोड पाहून नोंदवली. नुसती मऊ सावली असेल तर ती शोभेची पडझड. माझ्या मते या चित्रातला सर्वांत महत्त्वाचा चौरस इंच हा आहे, आणि अर्थाचा बराचसा भार याच्या उत्तरावर पडणार आहे.

पण एक अट पाळा. मजुरी, कुंपण, कामगृह चित्रात नाहीत म्हणून ‘चित्रकाराने सत्य लपवलं’ असं म्हणू नका. त्या काळच्या अशा शेकडो चित्रांत ते नाही. जे सगळ्यांतच नाही, त्यावरून या प्रकाराबद्दल आणि त्याच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलता येतं. या एका चित्रकाराच्या हेतूबद्दल नाही. गिऱ्हाईक शहरातलं, पोटापाण्याने सुखी, भिंतीवर किंवा दिवाणखान्यातल्या टेबलावरच्या संचात खेडं ठेवू पाहणारं होतं. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेली. ज्यांनी किंवा ज्यांच्या आईबापांनी खेडं सोडलं होतं, त्यांना ते कसं आठवायचं होतं हे या चित्रात दिसतं. हुरहुर शोधायचीच असेल तर ती विकत घेणाऱ्याची आहे. चित्रकाराची होती असं सिद्ध करायला त्याचं पत्र, टिपण किंवा दुसरी रेखाटनं लागतील.

जागा खरी आहे का, हे तपासणं आज शक्य आहे. चित्रावर गावाचं नाव असेल, निदान परगणा तरी, तर १८३६ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये काढलेले धर्मकराचे नकाशे पाहा. चर्चला धान्यरूपाने द्यायचा कर रोख करण्यासाठी ते काढले गेले आणि देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यात आला. प्रत्येक शेताला क्रमांक आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, क्षेत्रफळ आणि पीक की कुरण याची नोंद असते. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या प्रती आहेत. तुमच्या चित्राचा आणि या नकाशांचा काळ जवळपास एक. ओढा, पूल आणि चर्च यांची परस्परदिशा नकाशावर जुळली, तर मधला भाग विश्वासार्ह मानायचा. गुराखी उभा आहे ती जागा नकाशावर कुरण आहे की नांगरट? नांगरट असेल तर गाई चित्रासाठी आणल्या. यादीतला मालक एकच बडा जमीनदार आणि टेकडीवर त्याचा वाडा असेल, तर मागचा फिकट ठिपका पुन्हा भिंगाखाली घ्या. अशा चित्रांचे संच पुष्कळदा आगाऊ वर्गणीवर छापले जात आणि आपली मालमत्ता चित्रात आलेले जमीनमालक वर्गणीदारांत असत.

चित्राच्या डाव्या कडेला शिवणीची भोकं आहेत का तेही बघा. असतील तर ते एखाद्या संचातून किंवा पुस्तकातून सुटलेलं पान आहे आणि त्याच्या शेजारच्या चित्रांशिवाय त्याचा अर्थ अपुरा राहील. भग्न किल्ले आणि मठ यांच्या मध्ये आलेलं हे घर वेगळं वाचलं जातं, शेतीच्या ऋतूंच्या मालिकेतलं वेगळं.

तळओळीबद्दल एक गोष्ट. तुमच्या ओळीवरून जागेवरचं रेखाटन आणि दगडावरचं काम एकाच माणसाचं ठरतं. पुष्कळदा तसं नसतं. रेखाटणारा हौशी, बहुधा एखादा अधिकारी किंवा प्रवासी, आणि दगडावर काढणारा लंडनचा व्यावसायिक. तेव्हा नावापुढे ‘डेल.’ म्हणजे मूळ रेखाटन करणारा आणि ‘लिथ.’ म्हणजे दगडावर उतरवणारा. अशा जोडीत इमारत सहसा मूळ रेखाटनातली असते, पण आकाश, झाडी आणि माणसं लंडनमध्ये भरलेली असू शकतात. याचं उदाहरण आपल्याकडचं आहे. जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने अजिंठा, वेरूळ, कार्ले वगैरे लेणी पाहून, कॅमेरा ल्युसिडा या लोलकाच्या यंत्राच्या मदतीने रेखाटनं केली. १८४५ मध्ये लंडनला ती टी. सी. डिब्डिनने दगडावर उतरवली. तिथल्या खांबांच्या मोजमापावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका अग्रभागातल्या झुडपांवर आणि बसलेल्या माणसांवर ठेवू नये. सह्याद्रीच्या कड्यावर वाय नदीकाठची झाडी येऊन बसते ती या वाटेने.

मराठी घरांत शिळाछापाची ओळख नवी नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग शिळाछापावरच काढलं. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रवि वर्मा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला. घरात त्या छापखान्याची लक्ष्मी-सरस्वती असेल तर भिंग तिच्यावरही धरा. अनेक रंगांचे ठिपके एकावर एक बसून त्वचेची छटा तयार झालेली दिसेल; प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. तुमच्या दुरंगी चित्राशी तुलना केली की डोळा चटकन तयार होतो.

आता वयाने झालेले बदल, कारण यातच सगळ्यात जास्त फसगत होते. एकाच दगडावरून खूप प्रती काढल्या की रव्याच्या खाचा शाईने भरत जातात. आकाशातले नाजूक करडे काळवंडतात आणि सावल्या गोळा होतात. उशिराची प्रत म्हणून वादळी दिसणारं आकाश मूळ प्रतीत स्वच्छ असू शकतं. त्याच चित्राची दुसरी प्रत एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मिळाली तर आकाश शेजारी ठेवून पाहा. बदामी छटा आणि पिवळा पडलेला कागद यांतला फरक माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या पट्टीत कळतो: छपाईची छटा चित्राच्या कडेशी ठामपणे संपते, पिवळेपणा कडेबाहेरही जातो. आकाशातले तपकिरी ठिपके पक्षी नाहीत, कागदातले डाग आहेत; ते खोडू नका, ब्लीच तर मुळीच नको. हाताने रंगवलेली प्रत हाती आली तर ऋतूबद्दल सावध राहा. त्या काळी हिरवा रंग बरेचदा पिवळ्या गॅम्बोजमध्ये निळा मिसळून करत. उजेडाने पिवळा उडाला की झाडं निळसर होतात. निळा नीळीचा असून उडाला तर तीच झाडं पिवळट-तपकिरी दिसतात आणि लोक त्याला शरद ऋतू समजतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका, काच कागदाला टेकू देऊ नका, पाठीमागे साधा पुठ्ठा असेल तर आम्लरहित पुठ्ठा लावून घ्या आणि पावसाळ्यानंतर कसर लागली नाही ना ते बघा. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास पुरे.

एवढं झाल्यावर अर्थ लिहा, आणि लिहिताना पाहिलेलं, तुलनेने कळलेलं आणि अनुमान या तिघांना वेगळी वाक्यं द्या. तुमच्या चित्राबद्दल हातातल्या माहितीवर मी असं लिहीन: ‘हलमांडेलच्या छापखान्यातलं दोन दगडांचं लिथोग्राफ, बहुधा १८३५ ते १८४३ मधलं. रचना क्लोद आणि गिल्पिनच्या संकेतांची. काळं झाड, तीन गाई आणि रेललेला गुराखी त्याच संकेतांतले. चर्चची उत्तरेकडची भिंत कोऱ्या कागदाने उजळली आहे, घर मात्र छटेत आहे. यावरून चित्रकाराला नजर घरावरून नव्हे, पाण्यावरून चर्चपर्यंत न्यायची होती असं दिसतं. शेतमजुरांच्या असंतोषाच्या लगेच नंतरच्या काळात खेड्याचं केंद्र म्हणून चर्च उजेडात आणि मजुराचं घर सावलीत ठेवणं शहरी गिऱ्हाइकाला पटणारं होतं, असं अनुमान करता येतं.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कच्चं आहे. छपराच्या खळग्यात वासे नीट काढलेले सापडले, तर ते बदलावं लागेल: मग चित्रकाराने घर सावलीत ठेवलं खरं, पण पाहून ठेवलं. आणि नकाशाच्या यादीत त्या घराचा आणि टेकडीवरच्या वाड्याचा मालक एकच निघाला, तर ‘शहरी गिऱ्हाईक’ खोडून तिथे त्या मालकाचं नाव लिहा.